बांधावर आलेली माणसं

गोजरानं खारीतला, खाडीकाठच्या खाऱ्या शेतातला, चिखल घरी आणून त्याचे मुठीएवढे गोळे केले, टोपलीत मांडले, वर ओलं फडकं टाकलं आणि सकाळची भांडी तशीच सोडून ती गावात निघाली.

बांध घालायचा असला की त्याचं बोलावणं तोंडानं करायचं नाही, अशी त्यांच्या आळीची जुनी रीत. ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर चिखलाचा गोळा ठेवायचा आणि मागं न बघता पुढच्या घराकडं वळायचं. गोळा दिसला की त्या घरातला एक माणूस दुसऱ्या दिवशी ओहोटीला फावडं घेऊन खारीवर हजर. तोंडानं बोलावलं तर माणूस तोंडानंच नाही म्हणतो. चिखलाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. आज माझ्या बांधाला तू, उद्या तुझ्या बांधाला मी. खाडीचं पाणी कुणाला विचारून शेतात शिरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

पण ती रीत ज्या काळातली, त्या काळात घणसोली गावात उंबरे होते. आता घरांच्या बिल्डिंगा झाल्या, खाली शटरं आली, पायऱ्यांना चकचकीत लाद्या लागल्या. बाळारामच्या दारात गोजरा वाकली तशी त्याची सून आतून धावत आली. "काकी, थांबा थांबा, लादी नवीन हाय," म्हणत तिनं पेपर आणून गोळ्याखाली सरकवला. पोरगी वाईट नव्हती, वर चहाही विचारला. काथोडच्या बिल्डिंगखाली कुणी भाडेकरीण झाडत होती. गोजरा वळायच्या आत तिनं गोळा सुपलीत भरून गटारात टाकला. तिला बिचारीला कोण काय सांगणार?

हिराजी ओट्यावरच बसला होता. गोजराच्या नवऱ्याच्या, शिवाच्या बरोबरीचा, बांधावरचा त्याचा जोडीदार. दोघांनी मिळून किती खांडी बुजवल्या असतील त्याला हिशेब नाही. बांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड म्हणायचं, आणि खांड म्हटलं की गावात शिवा-हिराजी ही जोडनावं एका दमात घेतली जायची. गोजरानं त्याच्या पुढ्यात गोळा ठेवला. हिराजीनं गोळ्याकडं बघितलं आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मोबाइलचा पडदा काळाच होता, ते गोजराला दिसलं. रीतीप्रमाणं ती पुढच्या घराकडं वळली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला खारीवर ती एकटीच होती.

सरकारनं गावाची भातशेती घेतली तेव्हा हा एक तुकडा राहून गेला होता. तिवरांच्या राईला लागून, खाडीच्या कुशीतला. नकाशात तिथं पाणीच दाखवलेलं. "नकाशावाल्याच्या डोल्यात पानी गेला म्हनून आपली खार वाचली," असं शिवा म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. त्या खारीत तो राता पिकवत आला. लाल दाण्याचं, मिठात तग धरणारं भात. नांगर नको, खत नको, फवारणी नको. उन्हाळ्यात खाडीचं पाणी आत घेतलं की तण जळून जातं आणि गाळ बसतो. पावसानं मीठ धुतलं की मोड आलेलं बी हातानं फेकायचं. बांधाच्या बाहेर तिवर, आत भात, भातात निवट्या, चिखलातले मासे, आणि चिंबोऱ्या. ज्याचं त्याला ठेवून आपलं घ्यायचं. तिवराची फांदी तोडताना कुणी दिसलं की शिवा फावडं घेऊन अंगावर जायचा. तिवर लाटा झेलतं म्हणून बांध टिकतो, हे त्याला बापानं सांगितलं होतं आणि बापाला खाडीनं.

मागच्या आषाढात शिवा बांधावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. खार पडीक राहिली. बांध जागोजाग खचला, चिंबोऱ्यांनी बिळं केली. बी तेवढं पेंढ्याच्या मुड्यात वर टांगलेलं राहिलं. गावात दुसऱ्या कुणाकडं रात्याचा दाणा नव्हता. बी एक वर्ष थांबतं, दुसऱ्या वर्षी थांबत नाही. या पावसाळ्यात पेरलं आणि कापलं तर राता राहील, नाहीतर गेला. एवढं साधं होतं.

गोजरानं पदर खोचला. फावड्यानं खाडीच्या अंगाचा चिखल कापायचा, टोपलीत भरायचा, डोक्यावर घेऊन बांधावर चढायचं, ओतायचा आणि पायानं मळायचा. चिखल मऊच हवा. खारीचा बांध पाणी पितो, फुगतो आणि आपली भेग आपणच मिटवतो. हे काम एकानं कापायचं, दोघांनी वाहायचं, एकानं मळायचं असं आहे. एकटीनं केलं की माणूस कापून वर येईपर्यंत मळायचा चिखल खाली सरकलेला. दुपारी भरती आली. तिनं सकाळभर घातलेल्या बांधावरून पाण्यानं अलगद जीभ फिरवली आणि निम्मा बांध नेला. गोजरा चिखलात बसून बघत राहिली. तिच्या मांड्या आपोआप थरथरत होत्या आणि तळहात सोलून निघाले होते.

घरी आली तर शिवा दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कुशीवर वळून दाराकडंच बघत होता.

"कोन कोन आलते?" त्यानं विचारलं.

 खरं सांगायचं असंच ठरवून ती जिना चढली होती. पण वर्षभर भिंतीकडं तोंड करून पडलेला हा माणूस आज दाराकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर काहीतरी होतं जे तिला मोडवेना.

"सगली आली," गोजरा म्हणाली.

"हिराजी?"

"तो तं पयला आला."

"कुठं उबा केलास त्याला?"

"उगाडीजवल." उघाडी म्हणजे बांधातलं झडपेचं दार, तिथला बांध सगळ्यात अवघड. हिराजीची जागा तीच.

"बरोबर," शिवा म्हणाला आणि डोळे मिटले. "तितं तोच पायजे."

मितेशनं आईचे हात जेवताना बघितले. मितेश म्हणजे त्यांचा एकुलता एक. खडी-रेतीचा सप्लायर, दोन डंपर, एक जेसीबी. दिवसभर फोनवर ओरडणारा, पण आईच्या ताटातली भाकरी तिला मोडता येईना तेव्हा त्यानं आपला फोन उलटा ठेवला.

"एकटीच गेलतीस?"

"नायतर काय तुजे डंपर येनार व्हते?"

"येतील ना. का नाय येनार?" तो म्हणाला. "आई, तू टेन्शन नको घेऊ. तुर्भ्याला आपली जुनी बिल्डिंग तोडायची साइट चालू हाय. राबिट टाकायला जागाच नाय त्यांना. चार गाड्या मारतो, वरून जेसीबी फिरवतो. एक दिवसाचं काम."

"राबिटाचा बांध?" गोजराचा घास तोंडातच राहिला. "बाबूस काय बोलंल?"

"बाबांना कुठं दिसतंय?"

नमिता, मितेशची बायको, भाताचं पातेलं घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "करू द्या त्यांना, आई. तुमचे हात बघा."

गोजराला कळत होतं. विटांचा आणि सिमेंटच्या ढेकळांचा बांध पाणी पीत नाही, फुगत नाही, मिटत नाही. भाकरी थापायला शिकली त्याच्या आधीपासून तिला हे ठाऊक होतं. तरी ती गप्प राहिली. आपण गप्प राहिलो ते पोराच्या मायेपोटी, असं ती पुढं मनाला सांगत राहिली. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला नुसतं बरं वाटलं होतं, उद्या टोपली उचलायची नाही म्हणून.

जेसीबीनं खरोखर एका दिवसात बांध उभा केला. उंच, सरळ, वरून चालावं असा. त्यात कुणाच्या न्हाणीघरातल्या निळ्या लाद्या होत्या, कुणाच्या देवळीचा तुकडा होता. गोजरा रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. संध्याकाळी घरी निघताना तिच्या ध्यानात आलं की आपले पाय स्वच्छ आहेत. शिवा दाराकडं बघत असणार. गावाच्या तोंडाशी गटार उपसून चिखलाचा ढीग लावला होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं त्यातला चिखल पायांना लावला, थोडा लुगड्याच्या काठाला पुसला, आणि मग जिना चढली.

"आज कोन कोन?" शिवानं विचारलं.

"तीच सगली. बालाराम, काथोड, हिराजी. लय काम जाला आज."

शिवानं तिच्या पायांकडं बघितलं. मग म्हणाला, "धू जा पाय. थकलीस."

बी भिजवायची वेळ आली तेव्हा मुडा उतरवून गोजरानं निम्मं बी काढलं, निम्मं तसंच बांधून ठेवलं. पहिली पेर वाया गेली तर दुसरी हवी, हा खारीचा नेम. भिजलेलं पोतं शिवानं आपल्या खाटेखाली ठेवायला लावलं. दर थोड्या वेळानं तो हात खाली सोडून पोत्याची ऊब बघायचा, पाण्याचा हबका मारायचा. वर्षभरात त्याच्या हाताला पहिल्यांदा काम मिळालं होतं. मोड फुटले तेव्हा त्यानं मूठभर बी हातात घेऊन वास घेतला आणि नमिताला हाक मारून तिलाही वास घ्यायला लावला. "काकडीसारखा येतो का नाय?" तो म्हणाला. नमिता फ्लॅटमध्ये वाढलेली, पण ती म्हणाली, "हो बाबा, काकडीसारखाच."

निम्म्याहून जास्त बी रुजलं. श्रावणात राता गुडघ्याच्या वर आला. गोजरा रोज जायची. निवट्या पाण्यात उड्या मारायच्या, बगळे यायचे, आणि रस्त्यापलीकडच्या टॉवरमधली माणसं सुट्टीच्या दिवशी लांब नळीचे कॅमेरे घेऊन बगळ्यांचे फोटो काढायची. संध्याकाळी ती शिवाच्या पायाला तेल लावायची आणि तो तेच ते विचारायचा. काथोड चिखल कापत होता का? बाळाराम अजून शिव्या देतो का टोपली उचलताना? गोजरा सांगायची. सांगता सांगता तिला सवय झाली, आणि मग चटकही लागली. बाळाराम कसा घसरून बसला, काथोड त्याला कसा हसला, हिराजीनं उघाडीच्या खालची चिंबोरी हातानं कशी ओढून काढली. शिवा हसायचा तेव्हा त्याच्या बरगड्या हलायच्या. जेवणही दोन घास जास्त जायला लागलं होतं. पाप तर पाप, गोजरा म्हणायची, पण अंगी लागतंय.

एके दिवशी तो म्हणाला, "नवा भात आला का त्या सगल्यांना जेवाला घालाचा. बांदावर येनाऱ्याला बांदाचा भात. विसरू नको."

ही पण रीतच. गोजरानं वाटीतलं तेल पुन्हा हातावर घेतलं. "घालू की," ती म्हणाली.

सर्वपित्री अवसेला दाणा अजून कोवळा, दुधात होता. घरात नमितानं पितरांचं पान वाढलं, गच्चीवर नेऊन ठेवलं, आणि कावळ्याची वाट बघत बसली. अवसेचं उधाण मोठं असतं, म्हणून गोजरा जेवण न करता खारीवर गेली होती.

पाणी बांधाच्या माथ्याच्या खूप खाली होतं. बांध उंच होता, मजबूत होता. तिला वाटलं, उगाच घाबरलो. मग तिला बुडबुड ऐकू आलं. उघाडीच्या डाव्या अंगाला, आतल्या बाजूनं, बांधाच्या पायथ्याशी दोन विटांच्या मधून पाणी येत होतं. बोटाएवढं. तिनं चिखल दाबला. तो आत ओढला गेला. आणखी दाबला, तोही गेला. पाणी मनगटाएवढं झालं. तिनं पदर फाडून बोळा कोंबला, मग पावसासाठी डोक्यावर घेतलेलं पोतं कोंबलं, आणि शेवटी पाठ टेकून त्या भोकावर बसली. पाठीला गार पाणी ढुसण्या देत होतं. "आरं कुनी हाय का रं?" ती ओरडली. रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. टॉवरच्या गॅलरीत कपडे वाळत होते. तिच्या खांद्याशेजारून एक निळी लादी सुटली आणि शांतपणे घसरत भातात गेली. मग बांधच तिच्या पाठीमागून बसला आणि पाण्यानं तिला उचलून रात्यात फेकलं.

ती उठली तेव्हा पाणी कमरेएवढं होतं. कणसं अजून वर होती. बघता बघता ती वाकली, पाण्याखाली गेली, आणि वर नुसती खाडी राहिली. गोजरा त्या पाण्यात उभी राहून कपाळ बडवत रडली. राता काही तिचा कुणी लागत नव्हता, पण सासूच्या मयताला ती एवढी रडली नव्हती.

घरी कावळा पान शिवून गेला होता. शिवा दाराकडं बघत होता.

"खांड गेली," गोजरा दारातच म्हणाली.

"कुठं?"

"उगाडीच्या डाव्या अंगाला."

हिराजीच्या जागेवर. शिवानं मान हलवली. हिराजीनं घातलेला बांध कसा गेला, हे त्यानं विचारलं नाही. "राता?" एवढंच विचारलं.

"दुदात व्हता."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडावर घेतला.

मितेश जेसीबी घेऊन धावला. पण दुसऱ्याच दिवशी वनखात्याचा एक माणूस आला. टॉवरमधल्या कुणी राबिटाचे फोटो पाठवले होते. माणूस तरुण होता, सभ्य होता, गोजरानं दिलेलं पाणी प्यायला. "आजी, आता इथं मशीन लावता येणार नाही," तो म्हणाला. "भरतीचं पाणी आत आलंय, तिवराचं बी आलंय. आता रोपं येतील. ती तोडता येणार नाहीत. निसर्ग सांभाळायला पाहिजे ना?"

"पायजे," गोजरा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? शिवानं जन्मभर तेच सांगितलं होतं.

मितेश गाडीत जाऊन बसला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. गोजरा काचेशी गेली. "मी चांगल्यासाठी केलं गं आई," तो म्हणाला. लहानपणी पतंग फाटल्यावर रडायचा तसाच रडत होता, नाकानं. तिनं काचेतून हात घालून त्याचं डोकं थोपटलं.

मशीन नको, हातानं तर बांध घालता येईल, असं एक-दोनदा तिच्या मनात आलं. शिवा म्हणेल, गोळे ठेव, आपली माणसं येतील. ती वाट बघत होती आणि घाबरतही होती. पण शिवा तसं काही म्हणाला नाही. तिला त्याचं नवल वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर तो म्हणाला, "मुडा उतरव. बांदावरच्या मानसांना जेवाला बोलव."

"त्यात बी हाय," गोजरा म्हणाली. "उरलेला सगला बी हाय ते."

"बी पेराला खार लागते. आन पुडल्या साली ते रुजनार नाय. उंदरानं खाल्यापरीस मानसानं खावा."

"नवा भात आला तर जेवन. आला कुठं?"

"मानसां तं आलती ना?" शिवा म्हणाला. "मंग."



तिनं मुडा सोडला. पेंढ्याच्या आत लाल दाणा जसाच्या तसा होता. घरात उखळ नव्हतं. हिराजीच्या बायकोकडं जुनं उखळ उलटं करून त्यावर तुळस ठेवली होती. गोजरा तिथंच गेली आणि हिराजीपुढं उभी राहिली. यावेळी हातात गोळा नव्हता, तोंडानंच बोलायचं होतं.

"भावजी, मी तुमच्या दादाला खोटा सांगितलाय," ती म्हणाली. "तुमी बांदावर आलते, असं. बालाराम आलता, काथोड आलता. रोज सांगितलाय. आता तो तुमाला जेवाला बोलवतो. नाय आलात तर माजा खोटा उगडा पडंल."

हिराजीनं तुळशीकडं बघितलं. मग उठला, तुळस बाजूला काढली, उखळ सुलटं केलं आणि स्वतः उचलून तिच्या घरापर्यंत घेऊन आला. वाटेत दोनदा खाली ठेवलं. गोजरा हात लावायला गेली तर लावू दिला नाही.

बाळारामच्या सुनेनं ऐकून घेतलं आणि डोळ्याला पदर लावला. काथोडनं तिलाच ऐकवलं, "वयनी, गोला मना मिललाच नाय, आयशप्पत." खरंच मिळाला नव्हता. पण बांध खचलाय हे काथोडला गोळ्यावाचून कळत नव्हतं असं नाही, आणि ते त्यालाही कळलं असावं, कारण तो येतो म्हणाला.

गोजरा आणि नमिता दोघींनी भात सडला. सडताना नमिता एकदा थांबली. "आई, थोडं ठेवू या ना. नुसतं बघायला." गोजरानं मान हलवली. रुजायचं नाही ते बी काय, शोभेचं? पण तिचा हात मुसळावर अडखळला, आणि मग तिनं जास्तच जोरानं घाव घातले.

माणसं आली. शिवाच्या खोलीतच खाली पंगत बसली, त्याच्या खाटेला लागून. भात लाल, जाडा, वाफाळलेला. बरोबर सुक्या जवळ्याचं कालवण. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. शिवाला मितेशनं उशीला टेकवून बसवलं होतं.

"बालाराम," शिवा म्हणाला, "तू घसरून बसलास म्हनं."

बाळारामचा चेहरा उतरला. त्यानं गोजराकडं बघितलं. "व्हय दादा," तो म्हणाला. "लय चिकल व्हता."

"आन काथोड तुला हसला."

"हसलो," काथोड पुटपुटला.

"हिराजी, तू उगाडीजवल."

हिराजी खाटेकडं सरकला. त्यानं शिवाच्या पायावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"बरा केलात आलात ते," शिवा म्हणाला. "मी पडल्यावर कोन येल, असं मना वाटला व्हता." मग तो गोजराकडं वळला. "पयला पान कुनाचा असतो गो?"

"जो शेवटपरेंत बांदावर असतो त्याचा."

"मंग मितेशला बसव. पयला पान त्याचा."

भाताचं पातेलं गोजराच्या हातात होतं. ते तिनं खाली ठेवलं.  मितेश दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. तो बापाकडं बघत राहिला, मग आला आणि हिराजीच्या शेजारी मांडी घालून बसला. शिवानं खाटेवरून हात लांब करून पहिला घास त्याच्या पानात आपल्या हातानं ठेवला. मितेशनं तो उचलून तोंडात घातला. मग सगळे जेवले. रात्याची चव गोडसर, मागून किंचित खारट. बाळारामनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि खाता खाता रडायला लागला. त्याला कुणी गप्प केलं नाही.

पातेलं रिकामं झालं. माणसं गेली. जाताना हिराजीनं उखळ नेलं नाही.

गोजरानं खोली सारवल्यासारखी पुसून काढली. लादीवर एक-दोन लाल शितं चिकटली होती, ती तिनं नखानं काढून तोंडात टाकली. मग तेलाची वाटी घेऊन शिवाच्या पायथ्याशी बसली. दुपार कलली होती. खाडीवरून वारा येत होता आणि त्याला भरतीचा वास होता.

"कवापासून ठाव व्हता तुमाला?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या दिसापासून."

"कोन बोलला?"

"तुजे पाय बोलले." शिवा गॅलरीकडं बघत होता. "खारीच्या चिकलाला मिटाचा वास असतो, कालवांचा असतो. पयल्या दिशी तोच व्हता, पन एकटीचा. हात सोललेले. सगली आली असती तं बायमानसाचे हात सोलतात का? आन दुसऱ्या दिशी तू आलीस ती गटाराचा चिकल लावून. फिनेलचा वास येत व्हता गो तुज्या पायाला. आन खारीच्या अंगानं दिसभर जेसीबीचा आवाज येत व्हता."

गोजराचा हात त्याच्या गुडघ्यावर थांबला. "आन तुमी बोलला नाय? पावसाच्या आदी बोलला असता तं राबिट काडून टाकला असता. राता वाचला असता."

"काडून मंग बांद कुनी घातला असता?" शिवानं विचारलं. "तू एकटी? मेली असतीस तितं."

गोजरानं तेलाची वाटी खाली ठेवली. 

"आन दुसरा असा," शिवा म्हणाला, आणि त्याचा आवाज बसला. "तू रोज नावां घेत व्हतीस. बालाराम, काथोड, हिराजी. मना आयकाला बरा वाटत व्हता. मी बोललो असतो तं तू थांबली असतीस."

गोजरा रडली. तिनं आवाज केला नाही, पण पाय चोळता चोळता तेलात पाणी पडत होतं. शिवानं बघून न बघितल्यासारखं केलं. मग त्यानं डोळे मिटले आणि तोंड पुन्हा भिंतीकडं वळवलं.

"सांग," तो म्हणाला.

"काय सांगू आता?"

"कोन कोन आलते ते."

तिनं नाक पुसलं, वाटीत बोटं बुडवली.

"हिराजी पयला आला," गोजरा म्हणाली. "उगाडीजवल उबा रायला. मंग बालाराम आला. काथोड चिकल कापत व्हता..."

भिंतीकडं तोंड करून शिवा ऐकत राहिला.